घरगुती कटिंग मशीनवर मराठी नाव कापलं की त्याचे तुकडे का होतात?

विरार फाट्यावर किंवा नालासोपारा स्टेशनबाहेर बाईकवर नाव टाकून देणाऱ्या दुकानात जा आणि "व्हिनाइल स्टिकर पाहिजे" असं म्हणा. समोरचा क्षणभर तुमच्याकडे बघत राहील. "रेडियम" म्हणा, लगेच कळेल. चिकटणाऱ्या रंगीत शीटला आपल्याकडे सरसकट रेडियमच म्हणतात. त्यात रेडियम नावाचं मूलद्रव्य औषधालाही नसतं. अंधारात चमकणाऱ्या शीटमध्ये काचेचे बारीक मणी असतात आणि ते गाडीच्या लाइटचा उजेड आला तसा परत पाठवतात. साध्या चकचकीत शीटमध्ये तेही नसतात. ती असते पीव्हीसी, म्हणजे पाण्याच्या पाइपच्या जातीचं प्लास्टिक, फक्त केसाइतकं पातळ. मागे गोंद आणि त्याच्या मागे सहज सुटणारा सिलिकॉनचा थर दिलेला कागद.

त्या दुकानात दोन फुटी रोल आत-बाहेर ओढत जे मशीन खरखरत असतं, त्याचा घरगुती धाकटा भाऊ आता ऑनलाइन मिळतो. क्रिकट, सिल्हूट, ब्रदर ही त्यातली जास्त ऐकलेली नावं. आकार घरच्या प्रिंटरएवढा, एखाददुसरं तर मोठ्या टिफिनएवढंच. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचं, डिझाइन निवडायचं, बटण दाबायचं. व्हिडिओत सगळं तीस सेकंदांत होतं.

माझ्या मावसबहिणीने असं एक मशीन मागवलं. ती निर्मळला राहते, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि स्टीलच्या बाटल्या-डब्यांवर मुलांची नावं, नाताळचे तारे, गणपतीची सजावट अशा ऑर्डरी घेते. आतापर्यंत कटिंग बाहेरून करून आणायची. मशीनचे पैसे तिच्या स्वतःच्या कमाईतले, आणि परत करायची मुदत दहा दिवसांची. "दादा, तू इंजिनीअर आहेस ना? ठेवू की परत करू, तेवढं सांग." मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, कात्री-कागदाशी माझा संबंध शाळेतच संपला. पण आठवडाभर रोज रात्री ते मशीन वापरून बघितलं आणि लक्षात आलं की यातला खरा भाग सॉफ्टवेअरचाच आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेलं बरंचसं जवळपास कुठल्याही घरगुती मशीनला लागू पडतं.

मशीनला अक्षर कळत नाही, रेघ कळते

प्रिंटर ठिपक्यांनी चित्र भरतो. कटिंग मशीन तसं काही करत नाही. ते मुळात पेनाने नकाशे काढणाऱ्या जुन्या प्लॉटरच्या घराण्यातलं आहे, फक्त पेनाच्या जागी ब्लेड. 1970 च्या दशकात ह्युलेट-पॅकार्डने आपल्या प्लॉटरसाठी एक साधी आज्ञावली बनवली होती. "पेन वर", "पेन खाली", "अमुक बिंदूला जा", बहुतेक काम एवढ्यावरच चालायचं. एक एकक म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. म्हणजे "पेन खाली, 400,0 ला जा" म्हटलं की बरोबर एक सेंटिमीटरची आडवी रेघ. रेडियमच्या दुकानातली पुष्कळ मशीन्स आजही हीच भाषा बोलतात. अमेरिकेतल्या गर्बर कंपनीने 1983 मध्ये व्हिनाइलची अक्षरं कापणारं संगणकी मशीन बाजारात आणलं, त्यानंतर पाट्या रंगवण्याचा धंदा जगभर बदलत गेला.

मशीनच्या आत दोन मोटर असतात. एक ब्लेडला डावी-उजवीकडे नेते, दुसरी रबरी रोलरने शीट पुढे-मागे ओढते. दोन्ही एकदम चालल्या की तिरकी किंवा गोल रेघ. ब्लेड कुठे वळवायचं हे बहुतेक मशीनना सांगावं लागत नाही. ऑफिसच्या खुर्चीचं चाक आठवा. चाक आपल्या दांड्याच्या थोडं मागे असतं, म्हणून खुर्ची जिकडे ढकलाल तिकडे ते आपोआप वळतं. ब्लेडचं टोकही आपल्या दांड्यापासून जरासं बाजूला असतं, पाव ते एक मिलिमीटर. त्यामुळे ते फरफटत मागे येतं आणि स्वतःच दिशा धरतं. गोची होते ती टोकदार कोपऱ्यावर. तिथे सॉफ्टवेअरला ब्लेडला छोटीशी गिरकी घ्यायला लावावी लागते, नाहीतर कोपरा गोल होतो किंवा फाटतो.

आणि कापायचं कितपत? वरचं प्लास्टिक पूर्ण, खालचा कागद अजिबात नाही. त्यावर फक्त नखाचा ओरखडा उठावा इतकंच. म्हणून कुठलीही नवीन शीट लावली की आधी कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा चौकोन कापून बघायचा. चौकोन अलगद सुटला आणि मागचा कागद शाबूत राहिला तर दाब बरोबर. हा एक मिनिटाचा सोपस्कार टाळलात तर फुटभर शीट वाया जाते.

निर्मळची परीक्षा

मराठीसाठी मशीन तपासायचं असेल तर "हॅपी बर्थडे" कापून काही कळत नाही. मी "निर्मळ" हा शब्द घेतला. बहिणीच्या गावाचं नाव म्हणून नाही, तर त्यात दोन अवघड गोष्टी एकदम आहेत म्हणून. तुम्ही "निर्मळ" टाइप करता तेव्हा फोनमध्ये सहा खुणा साठतात: न, वेलांटी, र, हलन्त, म, ळ. साठवताना वेलांटी न च्या नंतर आहे, दिसताना ती आधी यायला हवी. र आणि हलन्त म च्या आधी आहेत, दिसताना ते रफार होऊन म च्या डोक्यावर बसायला हवेत. ही उलथापालथ करणारं वेगळं सॉफ्टवेअर असतं. अँड्रॉइड आणि क्रोममध्ये ते काम हार्फबझ नावाची मोफत लायब्ररी करते. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी वाचता तेव्हा ती गपचूप राबत असते.

कटिंगच्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये हे धड असेलच असं नाही. आमच्या मशीनच्या मोबाइल अ‍ॅपने "निर्मळ" नीट दाखवलं, पण लॅपटॉपवरच्या आवृत्तीत रफार सुटून हलन्त दिलेला र वेगळा पडला. एकाच कंपनीची दोन सॉफ्टवेअर, एकच शब्द. त्यामुळे खरेदीआधी दुकानात किंवा डेमोत आपलंच नाव टाइप करून बघा. रफार, वेलांटी, जोडाक्षर असलेलं नाव मिळालं तर उत्तम.

समजा अक्षरं बरोबर आली. तरी दुसरा खड्डा आहेच, आणि तो स्क्रीनवर दिसत नाही.

फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर ही एक बंद बाह्यरेषा असते. "वसई" लिहिलं की व ची एक, स ची एक, ई ची एक. प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःच्या वाटणीची शिरोरेषा. दोन अक्षरांच्या मधे पांढरी फट दिसू नये म्हणून फॉन्ट बनवणारे बहुधा ही शिरोरेषा किंचित लांब ठेवतात, म्हणजे शेजारच्या अक्षरावर ती थोडी चढते. स्क्रीनवर काळ्यावर काळं चढलं तर काळंच दिसतं. मशीनला मात्र रंग दिसत नाही. त्याला तीन वेगळ्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा मिळतात आणि ते तिन्ही इमानदारीने कापतं. प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेला दोन उभे छेद, त्यांच्यामधे तांदळाच्या कणीहून बारीक चिंधी. स्टिकर उचलायला गेलात की व एकीकडे, स दुसरीकडे.

इंग्रजीत हा प्रकार क्वचित होतो, कारण छापील इंग्रजी अक्षरं सुटी असतात. जोडून लिहिलेल्या, हस्ताक्षरासारख्या फॉन्टमध्ये तिथेही होतो. म्हणून बहुतेक अ‍ॅपमध्ये "वेल्ड" नावाचं बटण असतं. पण ते त्यांच्या लेखी सजावटीच्या फॉन्टसाठी असतं. आपल्याला ते प्रत्येक शब्दाला लागतं. सूचनापुस्तिकेत हे कुठेही नव्हतं. रेडियमवाल्यांना मात्र तोंडपाठ. स्टेशनजवळच्या ज्या काकांकडून बहीण कटिंग करून आणायची, त्यांना विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "कोरलमध्ये कर्व्ह करायचं, वेल्ड मारायचा, मग सोडायचं. वेल्ड विसरला की माल फुकट."

घरी हे कसं करायचं

लॅपटॉप असेल तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. मराठी त्यात नीट टाइप होतं. शब्द लिहून झाला की पाथ मेनूतून आधी ऑब्जेक्ट टू पाथ, म्हणजे मजकुराची रेषा होते. मग अनग्रुप, आणि पुन्हा पाथ मेनूतून युनियन. झालं. खात्री करायला व्ह्यू मेनूत डिस्प्ले मोड आउटलाइनवर ठेवा. रंग निघून जातो आणि मशीनला जे दिसणार तेच तुम्हाला दिसतं. शिरोरेषेत एकही आडवी-उभी काटछाट दिसली नाही की फाइल एसव्हीजी म्हणून सेव्ह करा. मी तर म्हणेन, युनियनच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा हा आउटलाइन मोड लावून बघा. एकदा तो फरक डोळ्यांनी पाहिला की वर दिलेलं सगळं स्पष्टीकरण विसरलात तरी चालेल.

लॅपटॉप नसेल तर? बहिणीकडे नाहीये, तिचं सगळं फोनवर चालतं. तिच्यासाठी उलटा रस्ता काढला. फोटोवर मजकूर लिहिणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या, जाड अक्षरांत शब्द लिहायचा आणि तो मोठ्यात मोठ्या आकारात, निदान तीन हजार पिक्सेल रुंद, पीएनजी चित्र म्हणून काढायचा. हे चित्र कटिंगच्या अ‍ॅपमध्ये अपलोड केलं की अ‍ॅप काळ्या भागाची कड शोधून स्वतः रेषा बनवतं. चित्रात अक्षरं उरलेलीच नसतात, उरतो एकच काळा डाग. मग आतल्या सांध्यांचा प्रश्नच येत नाही, वेल्ड आपोआप झालेला असतो. शिवाय रफार-वेलांटीची काळजी फोनने आधीच घेतलेली असते, त्यामुळे दोन्ही खड्डे एका उडीत पार.

याची किंमत एवढीच की कोपरे थोडे बोथट होतात, आणि बारीक फॉन्टमध्ये रेषा थरथरते. ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर इकडून तिकडे पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून छोटा केला जातो, कडेला राखाडी धूळ येते, आणि मशीन त्या धुळीचे उंचवटेसुद्धा कापत बसतं.

फॉन्ट जाड निवडा. गुगल फॉन्ट्सवरचे बलू आणि मुक्ता चांगले चालले. यात्रा वन नावाचा एक फॉन्ट आहे, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. विरार लोकलमध्ये अर्धं आयुष्य काढणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. तिन्ही मोफत आहेत आणि विक्रीच्या वस्तूवर वापरायलाही मोकळे. कार्टूनमधल्या पात्रांचं तसं नाही. ती चित्रं कुणाच्या तरी मालकीची असतात, घरच्या डब्यावर लावणं वेगळं आणि विकणं वेगळं.

अनुस्वाराचं दुखणं मात्र सुटत नाही. "नंदाखाल" कापलं की तो ठिपका कायम सुटाच राहणार. नको असलेलं रेडियम सोलताना तोही सोबत उठून येतो. ठिपका तीन मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका आणि सोलताना शीट सरळ वर न उचलता मागे दुमडून, ठिपक्याजवळ सुईने दाबून धरा. कापून झाल्यावर सोलायचं काम त्याच दिवशी उरका. ठेवून दिलं की गोंद छेदात पुन्हा भरतो, त्यात वसईच्या जून-जुलैमध्ये तर काही विचारू नका.

शिरोरेषा कामाला येते तेव्हा

हीच शिरोरेषा कार्डपेपर कापताना आपल्या बाजूने उभी राहते. इंग्रजी शब्द कार्डात कापला की पाच अक्षरांचे पाच तुकडे, प्रत्येक दोऱ्यात वेगळा ओवा. वेल्ड केलेला "मोरया" मात्र अख्खा एका तुकड्यात येतो, शिरोरेषेला दोन भोकं पाडली की टांगला. "नाताळ" पण तसाच. आमच्या भागात डिसेंबरात घरोघरी तारे आणि गोठे बनतात, त्यामुळे बहिणीला हे पहिल्या दिवशीच आवडलं. मार्च 2018 च्या राज्याच्या अधिसूचनेनंतर थर्माकोलची मखरं बंद झाली, तेव्हापासून गणपतीतही कार्डपेपरला मागणी आहे. थ, ध, भ या अक्षरांवर लक्ष ठेवा. त्यांच्या डाव्या बाजूला शिरोरेषा तुटलेली असते, म्हणून "साधना" कापलं तर "सा" गळून पडतो. तिथे छोटी पट्टी काढून जोड द्यावा लागतो. अनुस्वारालाही तसाच.

मशीन तुमचं, पण चावी कुणाकडे?

इंजिनीअर म्हणून मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही. यातली काही मशीन्स कंपनीच्या सर्व्हरवर खातं उघडून चालू केल्याशिवाय पहिली रेघही कापत नाहीत. क्रिकटने मार्च 2021 मध्ये जाहीर केलं की पैसे न भरणाऱ्या ग्राहकांना महिन्याला फक्त 20 चित्रं अपलोड करता येतील. पूर्ण पैसे देऊन विकत घेतलेल्या मशीनवर! कंपनी त्याच महिन्यात शेअर बाजारात उतरत होती. लोक इतके भडकले की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. पण दार कुठल्या बाजूने बंद होऊ शकतं ते सगळ्यांना दिसलं. सिल्हूटचं सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरवरच चालतं, पण त्याची मोफत आवृत्ती एसव्हीजी फाइल उघडत नाही, त्यासाठी वरची आवृत्ती विकत घ्यावी लागते. मात्र इंकस्केपमधून थेट सिल्हूटला फाइल पाठवणारं एक मुक्त एक्स्टेन्शन लोकांनी बनवलेलं आहे.

मराठीत काम करणाऱ्याला हे जास्त झोंबतं. आपल्याला जवळजवळ प्रत्येक शब्द बाहेर तयार करून अपलोड करावा लागतो. महिन्याला 20 ची मर्यादा म्हणजे 20 नावं. इंग्रजी टाइप करणाऱ्याला ती कळतही नाही. म्हणून घेताना कापण्याचा वेग किंवा रंग बघू नका. नेट बंद असताना कापतं का, स्वतःची एसव्हीजी फुकट उघडतं का, दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने चालवता येतं का, हे विचारा. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर मदत केंद्राला मेल टाका आणि उत्तर जपून ठेवा.

बहिणीला मी ठेव म्हणालो. हिशेब साधा होता. समजा मशीन 20,000 चं आहे आणि बाहेरून कटिंग करून आणण्यापेक्षा एका नावामागे 25 रुपये वाचतात, तर 800 नावांनंतर मशीन फुकट पडतं. तिच्या ऑर्डरी बघता ते दीड-दोन वर्षांचं काम आहे. पण तिला पटलं ते वेगळ्या कारणाने. एका नावासाठी स्टेशनपर्यंत जायला नको, आणि रात्री दहाला आलेली ऑर्डर सकाळी देता येते. दुकानाच्या काचा, शटर, टेम्पो असं मोठं काम मात्र काकांकडेच जाईल. घरगुती मशीनची रुंदी आणि दम त्याला पुरत नाही.

तुम्ही सुरू करत असाल तर थोडं आणखी. स्टीलची बाटली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून मगच नाव लावा आणि दोन दिवस धुऊ नका. काठ्यापासून, म्हणजे जिथे ओठ लागतो तिथून, लांब ठेवा. मऊ सिलिकॉनच्या मोबाइल कव्हरवर रेडियम टिकत नाही, कितीही दाबा. कडक प्लास्टिकच्या कव्हरवर टिकतं. भुरभुरणाऱ्या डिस्टेंपरच्या किंवा ओल आलेल्या भिंतीवर ऑर्डर घेऊच नका. नंबरप्लेटचीही नको. नियमानुसार त्यावर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच लागतात, आणि आता हाय सिक्युरिटी प्लेट अधिकृत ठिकाणीच बसवावी लागते. मित्र "एमएच 48" देवनागरीत मागेल, त्याला बाटलीवर करून द्या.

आणि काम वाढलं म्हणून वालीव किंवा सातिवलीच्या गाळ्यांमध्ये लेझर कटिंगवाल्याकडे जाणार असाल तर कार्डपेपर, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक खुशाल द्या, रेडियमची शीट देऊ नका. ब्लेड पीव्हीसी नुसतं कापतं, लेझर ते जाळतं. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि हवेतल्या दमटपणाशी मिळून त्याचं आम्ल होतं. मशीन गंजतं, त्याआधी तिथे उभ्या असलेल्या पोराची छाती जळते. बरेच लेझरवाले स्वतःच नाही म्हणतात. एखादा हो म्हणाला, तर शीट परत घेऊन घरी या.